आईने निवडलेली बाबागाडी

आमच्या घरात गेल्या जानेवारीत पहिल्यांदा बाबागाडी आली. ही काय साप्ताहिकात लिहिण्यासारखी गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. पण हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला लहान मुले घेऊन दिवसभरासाठी बाहेर पडायचे म्हटले की जी ओढाताण होते ती घरोघरची आहे. म्हणून आम्हा दोघा नवरा-बायकोचा हा अनुभव वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आम्ही कल्याण पूर्वेला एका चाळीत पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्यापैकी एकजण अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर आहे आणि दुसरी घरीच शिलाई करते. थोरली मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा अकरा महिन्यांचा आणि सोबत सदुसष्ट वर्षांची आई. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका हे मोठे खेळ-उद्यान सुरू झाले. थोरलीच्या बालवाडीतल्या दोघी मैत्रिणी तिथे जाऊन आल्या आणि तेव्हापासून तिने धोशाच लावला. आम्ही वर्षभर भिशी लावली, कारखान्यातल्या जादा कामाचे पैसे बाजूला टाकले आणि जानेवारीत जायचे ठरवले. उन्हाळ्यात मुद्दामच नको म्हटले, त्याला कारण होते.

दोन वर्षांपूर्वी थोरलीला घेऊन आम्ही मे महिन्यात एका बागेत गेलो होतो. अकरा वाजेपर्यंत पोर हरणासारखी पळाली आणि बारा वाजता रस्त्यात बसकण मारली. मग तीन तास आळीपाळीने कडेवर. घरी आल्यावर तिला उलट्या झाल्या. तिच्या आईची कंबर अशी धरली की आठ दिवस मशीनवर बसता आले नाही. आठ दिवसांची शिलाई बुडाली, गिऱ्हाइके दुसरीकडे गेली आणि 'तू घेतली नाहीस, मीच घेतली' यावरून आमचे आपसांत भांडण झाले ते वेगळेच. मजेसाठी गेलो आणि पदरचे घालवून आलो.

या वेळी दोन लेकरे होती. म्हणून बाबागाडीचा विषय निघाला.

आईला तो मुळीच रुचला नाही. "आमची पोरं कडेवरच वाढली. गाडीत बसवून कुणी फिरवली नाहीत," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "आणि मला धरू नका त्यात. माझे गुडघे चालत नाहीत. माझं तिकीट वाचवा, मी घर राखते." आम्हाला वाईट वाटले. तिला सोडून जायचे म्हणजे सहलीला काय अर्थ? पण ती एकदा नाही म्हणाली की नाहीच.

त्याच आठवड्यात शिलाईच्या एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांच्या घरची जुनी बाबागाडी देऊ केली. चांगल्या मनाने दिली, एक पैसाही मागितला नाही. दिसायला मोठी, गादीची, डोक्यावर छत असलेली. आम्ही खुशीत ती वर आणली. आई गॅलरीत तांदूळ निवडीत बसली होती. ती उठली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि काही न बोलता दहा किलो तांदळाची पिशवी गाडीत ठेवली. मग ब्रेक लावून गॅलरीच्या मोरीकडच्या उतारावर गाडी सोडून दिली. गाडी ब्रेकसकट घसरत मोरीला जाऊन धडकली.

"फुकटची आहे म्हणून त्यात आपलं लेकरू घालायचं का?" एवढेच ती बोलली. मग पट्टा ओढून दाखवला, तो कुजलेला होता. मिटवण्याच्या जागचा सांधा दाखवला, तो उघडा होता. "इथं बोट सापडतं. मी पाह्यलंय."

कुठे पाहिले, असे आम्ही विचारले तेव्हा आई बोलती झाली. आम्ही पूर्वी चेंबूरला झोपडपट्टीत राहत असू. तेव्हा ती एका बंगल्यात मुले सांभाळायला जाई, हे आम्हाला ठाऊक होते. पण बारा वर्षे ती रोज संध्याकाळी डायमंड गार्डनमध्ये त्या घरची मुले बाबागाडीतून फिरवीत असे, हे तिने कधी सांगितले नव्हते. तेव्हाची गाडी अवजड आणि न मिटणारी होती. बंगल्याच्या पाच पायऱ्यांवरून ती रोज एकटीने चढवायची-उतरवायची. "त्या वेळी तू शेजारच्या काकूंकडे असायचास," ती लेकाला म्हणाली. "मी दुसऱ्याचं पोर गाडीतून फिरवायची आणि माझं पोर दारात रडत बसायचं. म्हणून मला ती गाडी डोळ्यांसमोर नको वाटते."

त्यावर काय बोलावे हे आम्हाला सुचेना. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण घ्यायचीच असेल तर नीट पाहून घ्या. मी येते दुकानात."

ती गाडी आम्ही त्या बाईंना आभार मानून परत केली आणि ब्रेक धरत नाही हेही सांगितले, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मुलाला धोका व्हायला नको. रविवारी आईला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात गेलो. दुकानातल्या पोऱ्याने आधी दोन मुलांची जोडगाडी पुढे केली. दोन लेकरे, तेव्हा जोडगाडी, हा हिशेब आम्हालाही पटला होता. आईने विचारले, "ही चाळीच्या जिन्यात वळंल का? लोकलच्या डब्यात कुठं ठेवशील?" आम्ही ओढणीने रुंदी मोजली. आमच्या खोलीच्या दारातूनसुद्धा ती आत आली नसती.

मग एका मुलाच्या गाड्या पाहिल्या. त्या दिवशी आई जे जे तपासत होती ते वाचक भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देतो. पहिली गोष्ट मुलाच्या मानेची. सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारीच गाडी हवी, कारण बाळाला मान धरता येत नाही आणि बसत्या गाडीत ती पुढे कलंडते. आमचा धाकटा चांगला बसत होता, म्हणून थोडी मागे रेलणारी पाठ पुरेशी होती. दुसरी गोष्ट पट्टा. दोन खांद्यांवरचे, दोन कमरेचे आणि एक पायांमधला असे पाच पट्टे हवेत. नुसता कमरेचा पट्टा असला तर चळवळे पोर उभे राहते आणि उलटते. तिसरी गोष्ट ब्रेक. वजन ठेवून, उतारावर, आपल्या पायाने लावून पाहावा. चौथी गोष्ट मिटवणे. एका हाताने मिटते का, हे एक हातात मूल घेऊनच पाहावे, कारण स्टेशनवर आपली तीच अवस्था असते. आणि किती किलोच्या मुलापर्यंत गाडी चालते, हे चिठ्ठीवर वाचावे. बऱ्याच साध्या गाड्यांवर पंधरा किलो लिहिलेले असते. आमची थोरली चौदा किलोंची, म्हणजे गरज पडली तर तीही बसू शकत होती.

दुकानदाराला आधी हसू येत होते. आईने तिसरी गाडी उलटी करून चाकांचा खुळखुळाट ऐकला तेव्हा तो स्वतः उठून आला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही आधी दुकान चालवत होता का?" आई म्हणाली, "दुकान नाही, गाडी चालवत होते."

शेवटी छत्रीसारखी मिटणारी, साडेसहा किलो वजनाची, निळ्या कापडाची गाडी घेतली. तीन हजार चारशे रुपये पडले. आम्हाला ही रक्कम लहान नाही. पण आठ दिवसांची बुडालेली शिलाई आणि डॉक्टरचे पैसे यांचा हिशेब मांडला तेव्हा ती जड वाटली नाही. काही उद्यानांत बाबागाडी भाड्यानेही मिळते. एकाच दिवसाचा प्रश्न असेल तर आधी फोन करून विचारावे. आम्हाला मात्र स्टेशन, जिना आणि लोकल यांतही ती लागणार होती.

घरी आल्यावर आईने विचारले, "अशी मिटणारी गाडी काढली कुणी? आमच्या वेळी असती तर माझे गुडघे वाचले असते." तेव्हा आम्ही माहिती काढली. इंग्लंडमध्ये १७३३ साली विल्यम केंट या वास्तुकाराने एका ड्यूकच्या मुलांसाठी पहिली प्रसिद्ध बालगाडी बनवली. ती शेळी किंवा लहान घोडा ओढील अशी होती. म्हणजे सुरुवात बड्यांच्याच घरातून झाली. १८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने बाळाचे तोंड ढकलणाऱ्याकडे फिरवता येईल अशा गाडीचे पेटंट घेतले. आणि छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी १९६५ साली ओवेन मॅक्लारेन यांनी काढली. ते विमानाचे इंजिनियर होते आणि लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते. परदेशातून आलेल्या लेकीची अवजड गाडीमुळे होणारी दमछाक पाहून त्यांनी अल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंहूनही कमी वजनाची गाडी बनवली. आई म्हणाली, "म्हणजे मी चेंबूरला जड गाडी चढवत होते तेव्हा हलकी निघालेली होती. फक्त आपल्यापर्यंत आली नव्हती." सांध्यात बोट सापडते हे तिचे म्हणणेही खरे निघाले. २००९ साली अमेरिकेत याच कारणाने सुमारे दहा लाख गाड्यांच्या सांध्यांना आवरणे पुरवावी लागली होती.

आणि आई सहलीला आली. "गाडी मी निवडली, तर ती चालवते कशी ते मला बघू द्या," असे म्हणून आली.

सकाळची खोपोली लोकल धरली. कर्जतनंतर गाडी रिकामी झाली. पळसदरी, केळवली, डोळवली अशी स्टेशने थोरली मोठ्याने वाचायला लावीत होती. मिटलेली बाबागाडी बाकाखाली बसली. उद्यानात आईने गाडी हातात घेतली ती सोडलीच नाही. तिच्या गुडघ्यांना उलट गाडीच्या दांड्याचा आधार झाला. आम्ही डब्याची पिशवी दांड्याला अडकवू लागलो तेव्हा तिने हात धरला. मूल उचलले की पिशवीच्या वजनाने गाडी मागे पडते. दुपारी ऊन लागू नये म्हणून आम्ही वरून चादर टाकणार होतो, तेही तिने करू दिले नाही. आतली हवा कोंडून बाळ उकडते, त्यापेक्षा सावलीत थांबा, म्हणाली. खेळांच्या रांगेत गाडी बाहेर ठेवावी लागते, म्हणून दांड्याला लाल चिंधी बांधून ठेवली होती. सारख्या दिसणाऱ्या गाड्यांत ती लगेच ओळखू येई.

जेवणाच्या वेळी आम्ही थोरलीला घेऊन नळावर गेलो होतो. परत आलो तेव्हा शेजारच्या बाकावरच्या एक बाई आईला विचारीत होत्या, "बाई, कुणाकडे कामाला आहात? आम्हालाही मूल सांभाळायला कुणीतरी हवं आहे." त्यांच्या बोलण्यात काही उद्धटपणा नव्हता. पण आमचे पाय जागीच थांबले. आईने धाकट्याचा पट्टा सैल केला, त्याला उचलून मांडीवर घेतले आणि म्हणाली, "माझा नातू आहे. आता मी फक्त यालाच सांभाळते." त्या बाई ओशाळल्या. आईनेच त्यांना चिवड्याचा डबा पुढे केला.

संध्याकाळी थोरलीचे पाय गळाले. सकाळी "ही बाळांची गाडी आहे, मी नाही बसणार" म्हणणारी ती मुकाट्याने गाडीत शिरली आणि स्टेशन येईपर्यंत झोपून गेली. धाकटा ओढणीच्या झोळीत बापाच्या छातीशी. या वेळी कोणाची कंबर धरली नाही, कोणाला उलटी झाली नाही आणि आमचे भांडणही झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शिलाईची मशीन सुरू होती.

आता ती निळी गाडी आमच्या एकट्यांची राहिलेली नाही. चाळीत कोणाच्या बाळाला लस द्यायला न्यायचे असले की ती जाते. एकजण गावी घेऊन गेला तो महिन्याने परत आला. आम्ही कोणाला नाही म्हणत नाही. मात्र परत आली की आई आधी दहा किलोंची पिशवी ठेवून गॅलरीच्या उतारावर ब्रेक तपासते आणि मगच पुढच्या घरी देते.