फोनचा दुसरा डोळा



परमेश्वराने मनुष्यास कान दोन दिले आणि जीभ एकच दिली, यावरून ऐकावे पुष्कळ व बोलावे थोडे, असा बोध आपले वाडवडील करीत आले. डोळेही त्याने दोन दिले. त्यांचा बोध मात्र सहसा कोणी सांगत नाही. एका डोळ्याने दिसत नाही असे नव्हे. अंगण दिसते, अंगणातले माणूसही दिसते. परंतु एक डोळा मिटून सुईत दोरा ओवावयास बसावे, म्हणजे दुसऱ्या डोळ्याचे मोल तत्काळ कळते. सुई दिसते, दोरा दिसतो. सुई किती लांब आहे एवढेच कळत नाही.

इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ साली या गोष्टीचे मर्म उलगडून दाखविले. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा-साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यामुळे उजव्या डोळ्यास जे दिसते, तेच डाव्यास किंचित सरकलेले दिसते. जवळची वस्तू अधिक सरकते, दूरची कमी. या फरकावरूनच आपणांस अंतराची जाण होते. दोन्ही डोळे अगदी सारखेच पाहते, तर दुसरा डोळा असून नसल्यासारखा झाला असता.

हा विषय आज काढण्यास एक निमित्त घडले आहे. आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी मिस्सानंतर आमच्याकडे आले व म्हणाले, "फादर, पोरगं दोन कॅमेऱ्यांचा फोन मागतंय. एका कॅमेऱ्यात मावंना असं काय आहे आमच्या घरी?" जमलेली मंडळी हसली. तथापि प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. फोन हप्त्यांनी यावयाचा होता आणि हप्ते कापसाच्या पैशांतून जावयाचे होते. तेव्हा दोन कॅमेऱ्यांचे प्रयोजन काय, हे येथे नीट सांगावे असे आम्हांस वाटले.

पहिले प्रयोजन दूरचे व जवळचे पाहण्याचे. लग्नात येणाऱ्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याला पुढे नळकांडे असते. त्यातील भिंगे मागे-पुढे सरकून दूरचा देखावा जवळ आणतात. फोनची जाडी जेमतेम सात-आठ मिलिमीटर. तेथे असे नळकांडे बसावे कोठे? म्हणून एका सरकत्या भिंगाऐवजी दोन स्थिर भिंगे बसविण्याची युक्ती निघाली. अॅपल कंपनीने २०१६ च्या सप्टेंबरात आणलेल्या आयफोन ७ प्लसमध्ये दुसरे भिंग पहिल्याच्या दुप्पट जवळचे दाखवीत असे. त्याच वर्षी एलजी कंपनीच्या जी-५ या फोनने उलट वाट धरली. त्याचे दुसरे भिंग अधिक रुंद पाहणारे होते. एकच कॅमेरा असला म्हणजे आपण पडद्यावरचे चित्र बोटांनी ताणून मोठे करतो. पण त्याने दूरचे जवळ येत नाही. कणकेचा गोळा तेवढाच राहतो, पोळी मात्र लाटून लाटून विरविरीत होते.

दुसरे प्रयोजन अंधाराशी झगडण्याचे. रंग टिपण्यासाठी कॅमेऱ्याच्या पडद्यावर रंगांची सूक्ष्म जाळी असते आणि ती बराच प्रकाश अडविते. ह्युआवे कंपनीने २०१६ साली पी-९ या फोनात एक कॅमेरा रंगीत व दुसरा निव्वळ काळा-पांढरा ठेवला. काळ्या-पांढऱ्याला जाळी नाही, म्हणून त्याला प्रकाश अधिक मिळे. रंग पहिल्याने द्यावा, बारकावा दुसऱ्याने द्यावा, अशी ती सोयरीक होती.

तिसरे प्रयोजन अंतर मोजण्याचे, आणि त्याचाच गाजावाजा सर्वांत अधिक झाला. तैवानच्या एचटीसी कंपनीने २०१४ साली वन एम-८ या फोनात त्यासाठीच दुसरा कॅमेरा बसविला होता. दोन भिंगांनी दोन किंचित भिन्न चित्रे घ्यावीत, व्हीटस्टनने सांगितलेल्या न्यायाने जवळचे कोण व दूरचे कोण हे ताडावे, आणि मग गणिताच्या बळावर दूरचे सारे धूसर करून जवळचा चेहरा तेवढा उठावदार करावा, अशी ही रीत. फोनच्या भिंगांत अंतर थोडे, म्हणून हे मोजमाप काही हातांपर्यंतच धड चालते. केसांच्या बटा, चष्म्याची कड, नवरीच्या डोक्यावरील जाळीचा व्हेल, अशा ठिकाणी यंत्र अजूनही फसते.

या विद्येशी हैदराबाद नगराचे नाते आजचे नाही. राजा दीनदयाळ हे निजामाचे छायाचित्रकार १८४४ साली सरधना येथे जन्मले. बेगम समरूने पवित्र मरियेच्या नावे थोर मंदिर बांधले तेच हे गाव. दीनदयाळांनी १८८० नंतरच्या दशकात सिकंदराबादेस आपला स्टुडिओ थाटला. पुढे त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला व तेथे छायाचित्रे घेण्याचे काम एका बाईंकडे सोपविले, कारण पडद्यातील स्त्रिया पुरुषाच्या कॅमेऱ्यापुढे येत नसत. पहिल्याला जे दिसणे शक्य नव्हते ते पाहण्यासाठी दुसरा उघडला. आमच्या मते दुसऱ्या कॅमेऱ्याची याहून चांगली व्याख्या होणार नाही. त्याच नगरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये वनप्लस कंपनीने संशोधनकेंद्र उघडले, तेव्हा कॅमेऱ्यासाठी त्यात स्वतंत्र प्रयोगशाळा होती. ज्यास या दोन भिंगांची परीक्षा करावयाची असेल, त्याने चारमिनारसमोर उभे राहावे. १५९१ साली बांधलेली ती वास्तू जवळून एका चित्रात मावता मावत नाही. रुंद भिंग तिचे मिनार एका चौकटीत घेते, आणि दूरचे भिंग तिच्यावर १८८९ साली बसविलेल्या घड्याळाचे काटे दाखविते.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्य गेले, पण पोटासाठी हैदराबाद गाठण्याची आमच्या लोकांची वाट मोडली नाही. आता जे सांगावयाचे आहे, ते याच वाटेवरचे आहे.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध आजी प्रभूच्या घरी गेल्या. पुष्कळ वर्षे त्यांनी आमच्या चर्चची झाडलोट केली होती, व त्याबद्दल कधी एक शब्द बोलून दाखविला नव्हता. महिन्याच्या मिस्सासाठी स्मरणपत्रिका छापावयाची ठरली, तेव्हा छायाचित्राचा शोध सुरू झाला. घरात फोन चार, त्यांत छायाचित्रे हजारो. आजींचे स्वच्छ असे एकही नाही. एकच सापडले, ते पणतीच्या बाप्तिस्म्याच्या दिवसाचे. पुढे बाळाचा चेहरा लख्ख, पापण्या मोजून घ्याव्यात असा. आणि मागे खाटेवर पांढरट असे काहीतरी विरघळलेले. सून तो फोन आमच्या हातात देऊन म्हणाली, "ह्या ढगात आमच्या आत्याबाई हायेत, फादर." आम्हांस उत्तर सुचले नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्हांस कामानिमित्त हैदराबादेस जाणे झाले. ते चित्र ज्याने काढले तो आजींचा नातू तेथेच नोकरीस आहे. गनफाउंड्री येथील सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये तो आम्हांस भेटला. तेथून अबिड्स भागातील जगदीश मार्केटात गेलो. फोनच्या लहान लहान दुकानांसाठी तो बाजार प्रसिद्ध आहे. एका दुकानातील पोऱ्याने नातवाचा फोन घेतला, मूळ चित्र उघडले, क्षणभर पाहिले आणि आपल्या दख्खनी बोलीत म्हणाला, "दादी अंदर हैच ना, साब." मग त्याने पडद्यावरील एक खूण बोटाने एका कडेला सरकविली. धुके मागे हटावे तसे ते चित्र निवळत गेले. आजी दिसू लागल्या. कपाळावरचे गोंदण, हातातील जपमाळ, आणि बाळाकडे लागलेली दृष्टी. त्यांचा चेहरा हसरा होता. नातू दुकानाच्या पायरीवर खाली बसला.

यात चमत्कार काही नव्हता. कित्येक फोन धूसर केलेल्या चित्राच्या पोटात मूळ चित्र व अंतराचे मोजमाप राखून ठेवतात. त्यामुळे धूसरपणा मागाहून काढता येतो. व्हॉट्सअॅपवरून गावी आली ती केवळ वरवरची प्रत होती. तिच्यातून आजी कायमच्या पुसल्या गेल्या होत्या.

वाचकहो, या गोष्टीवर आम्ही पुष्कळ विचार केला. यंत्राने आजींना पाहिले नव्हते असे नाही. उलट त्याने त्यांना चांगले पाहिले, त्या किती अंतरावर बसल्या आहेत तेही मोजले, आणि अंतर अधिक भरले म्हणून त्यांना धूसर केले. मोजणे हे यंत्राचे काम. मोजून झाल्यावर दूरच्याचे काय करावयाचे, हे ठरविणे माणसाचे. आपल्या घरांतून हे फोनवाचूनही घडत असते. खाटेवरचे माणूस आपणांस दिसत असते. त्याच्या खोकल्यावरून त्याचे अंतरही आपण जाणून असतो. केवळ लक्ष पुढच्या चेहऱ्यावर असते.

प्रभू येशूने मंदिराच्या दानपेटीपाशी बसून श्रीमंतांची गर्दी पाहिली, आणि त्याच गर्दीत दोन दमड्या टाकणारी विधवाही पाहिली. बेथसैदा येथील आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसे चालत्या झाडांसारखी अस्पष्ट दिसली, तेव्हा प्रभूने त्यास तसेच घरी पाठविले नाही. पुन्हा हात ठेवला आणि सारे स्वच्छ दिसेपर्यंत थांबला. रुंद पाहणे व जवळून पाहणे ही दोन्ही त्याची रीत होती.

त्या शेतकरी गृहस्थांस आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. फोन घेताना दुकानदारास विचारावे: दुसरा कॅमेरा नेमके कोणते काम करतो? रुंद पाहतो, दूरचे पाहतो, की नुसते अंतर मोजतो? पुष्कळ स्वस्त फोनांत दुसरा डोळा अवघ्या २ मेगापिक्सेलचा, पाठ भरलेली दिसावी एवढ्यापुरताच असतो. मागची बाजू धूसर करणे एवढेच हवे असेल, तर गूगलने २०१७ साली पिक्सेल २ या फोनात मागे एकच कॅमेरा ठेवूनही ते काम साधले होते. भिंगे मोजून पैसे देऊ नयेत. ज्या भिंगाचे काम घरात पडणार नाही, त्याच्यासाठी हप्ता तर मुळीच घेऊ नये.

भिंग उपयोगाचे असेल, तर त्याचा उपयोग मात्र करावा. दूरचे भिंग असणाऱ्याने लग्नाच्या वा पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मिस्सात वेदीपर्यंत धाव घेऊ नये. बाकावरूनही नवरा-नवरीचे मुख टिपता येते, आणि पवित्र विधीचा मान राहतो. रुंद भिंगाने लहानशा खोलीतही सारे घर एका चित्रात मावते. पण ते भिंग कडेच्या चेहऱ्यांना ताणते, म्हणून म्हाताऱ्यांना कडेला उभे न करता मधोमध बसवावे. आणि मागे कोणी वडीलधारे असेल, तर धूसर करण्याची खूण बंद ठेवावी.

येत्या रविवारी मिस्साहून घरी गेल्यावर आपल्या आजी-आजोबांना उजेडात बसवा, एक स्वच्छ छायाचित्र घ्या व कागदावर छापून भिंतीवर लावा. त्यानंतर फोन खाली ठेवून थोडा वेळ त्यांच्यापाशी बसा. प्रभू आपणां सर्वांस जवळचे व दूरचे दोन्ही स्वच्छ पाहण्याची दृष्टी देवो.