घरघर

सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशाचे माणसे काय काय करतात! कुणी वेलंकनीला जाऊन येतो, कुणी घरावर मजला चढवतो, कुणी मुलाच्या धंद्यात घालून पुढे पस्तावतो. आम्ही त्यातून गिटारचा अँप्लिफायर घेतला, आणि तोही व्हॉल्व्हचा. तरुणपणी लग्नाच्या मांडवात दुसऱ्यांच्या अँप्लिफायरवर वाजवताना मनात धरलेली ती हौस होती. आमच्या सौ.नी खोका उघडताना फक्त एवढेच विचारले, “हे फ्रिजपेक्षा जड आहे का?”

साठी उलटलेल्या वाचकांना व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. जुन्या रेडिओचे बटण फिरवले की आवाज लगेच येत नसे. आतल्या काचनळ्या तांबूस होत, लाकडी पेटीला ऊब येई आणि मग कुठे निवेदकाचा घसा मोकळा होई. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली काचेच्या निर्वात नळीत तारेची एक जाळी बसवली आणि क्षीण विद्युत्‌लहरीला बळ देण्याचा मार्ग खुला झाला. १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने रेडिओतून या नळ्यांना हद्दपार केले. गिटारवाल्यांनी मात्र त्यांना सोडले नाही. कुवतीपेक्षा अधिक जोर लावला की ट्रान्झिस्टरचा आवाज एकदम फाटतो; व्हॉल्व्हचा आवाज मात्र तापलेल्या गळ्यासारखा हळूहळू खरखरीत होत जातो. मूळचा हा दोषच. पण लोकांना तो इतका आवडला की १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांनी फेंडरच्या ‘बासमन’ या अमेरिकन अँप्लिफायरच्या आराखड्यावरून आपला पहिला अँप्लिफायर बनवला, तो पुढे या खरखरीसाठीच प्रसिद्ध झाला.

आमचा अँप्लिफायर पंधरा वॅटचा. पुढे तीन लहान नळ्या, मागे दोन मोठ्या. पहिल्या संध्याकाळी तो सुरू केला तेव्हा गिटार अजून पिशवीतच होती, तरी त्याच्या पोटातून तऱ्हेतऱ्हेचे आवाज येऊ लागले. सर्र, टिक, घूंऽऽ. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, नव्या वस्तूलाच घरघर लागली की काय?”

परत दुकानात न्यावा, हा पहिला विचार. पण चौदा किलोचा बोजा लोकलच्या गर्दीतून पुन्हा धोबीतलावला नेण्याची आमची छाती नव्हती. म्हणून आम्ही रोज थोडे थोडे ऐकायचे ठरवले. चाळीस वर्षे कार्यालयात फायली वाचल्या होत्या, आता एक पेटी वाचावी.

काही आवाज त्याचा स्वभाव निघाले. तापताना आणि निवताना होणारी टिकटिक ही धातू आणि काच प्रसरण-आकुंचन पावल्याची. सर्र असा श्वास हाही व्हॉल्व्हचा अंगभूत. गेनचे बटण वाढवाल तसा तो वाढणार, त्यावर औषध नाही. मागच्या मोठ्या नळ्यांच्या काचेवर निळी झाक दिसली तेव्हा आमची झोप उडाली, पण भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आपटून तसा प्रकाश देतात व तो निरुपद्रवी असतो, असे कळले. नळीच्या आतली करडी पत्र्याची पट्टीच लाल होऊ लागली तर मात्र तत्क्षणी बटण बंद करावे.

काही आवाज त्याचे नव्हतेच. पाचव्या तारेवर ‘ए’ वाजवला की कुठूनसा झर्र झर्र असा कंप येई. मागच्या फळीचे स्क्रू आवळले, हँडल दाबून धरले, फरक नाही. शेवटी सौ.नीच शोकेसवर तळहात ठेवला आणि आवाज थांबला. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आलेले काचेचे सहा पेले त्या सुराला साथ देत होते. दुसरा अपराधी पंख्याचा नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो विजेची लहर मध्येच कापून पंख्याचा वेग कमी करतो, आणि त्या कापलेल्या कडांची किरकिर गिटारच्या चुंबकांत शिरते. पूर्वीच्या गरम होणाऱ्या डबड्यासारख्या रेग्युलेटरला आम्ही उगाच नावे ठेवली होती. पंखा पूर्ण वेगात किंवा पूर्ण बंद, असा समेट झाला. वसईच्या दमट हवेत कोणता समेट टिकला असेल ते सांगायला नको.

उरले दोन. एक, कोणताही तीव्र सूर वाजवला की मागोमाग घंटेसारखा टिणऽऽ. आणि दुसरी ती घूंऽऽ, जी कशानेही जाईना.

अशा वेळी पहिली चाचणी म्हणजे गिटारची वायर उपटून पाहणे. वायर काढली की आतल्या खाचेतच तो मार्ग जमिनीशी जोडला जातो. मग जो आवाज उरतो तो अँप्लिफायरचा स्वतःचा. आमची घूं बरीच कमी झाली, पण उरली. दुसरी चाचणी कानाची. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. अँप्लिफायर तिला एका दिशेची करताना हे हेलकावे शंभर होतात, आणि ते गाळणारे कपॅसिटर कमकुवत असले तर शंभराची घूं ऐकू येते. गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीवरचा ‘जी’ म्हणजे अठ्ठ्याण्णव कंपने, शंभराच्या अगदी शेजारी. (अमेरिकेत वीज साठ हेलकाव्यांची, त्यामुळे तिकडच्या अँप्लिफायरांची घूं निराळ्या सुरात लागते. देशोदेशीचे रडणे वेगळे असावे तसे.) तार छेडून जुळवून पाहिले, तर आमची घूं त्या ‘जी’च्या एक सप्तक खाली, म्हणजे पन्नासची. म्हणजे बिघाड गाळणीत नसावा, वीज कुठूनतरी सरळ आत येत असावी. यापुढे आमची विद्या संपली.

पुढची विद्या ज्याच्याकडे होती तो भिंतीपलीकडे राहत होता. आमचा दादा. उमेदीच्या काळात स्टेशनजवळ त्याचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. २०११ साली वाडीची वाटणी झाली, घराच्या मधोमध भिंत आली, विहिरीवरून दोन शब्द अधिक झाले आणि तेव्हापासून आमचे बोलणे सणावाराला आणि मयताला असे उरले होते. मनात आले, अँप्लिफायरसाठी त्याच्या दारी जावे? नाही गेलो. पंधरा दिवस ती घूं ऐकत बसलो.

मग नाताळच्या गीतांची तालीम आमच्या ओटीवर सुरू झाली. गाणाऱ्यांत दादाची नातही होती. मुलांना भिंती दिसत नाहीत, किंवा दिसल्या तरी त्या ओलांडायलाच असतात असे वाटते. लादी नुकतीच पुसलेली. पोर अनवाणी उभी. आम्ही हौसेने गिटार तिच्या गळ्यात घातली. तिने तारांवर बोटे ठेवली आणि झटक्यासरशी मागे घेतली. “आजोबा, ही चावते!”

सगळी मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. घरातला लाइन टेस्टर आणून गिटारच्या लोखंडी पट्टीला लावला, तर आतला दिवा मंदसा पेटला. आम्ही रोज रबरी सपाता घालून वाजवत होतो, म्हणून आम्हाला कधी कळले नव्हते.

त्या रात्री भिंतीपलीकडे गेलो. दादाने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “फ्रिज चावतो का?” आम्ही गप्प. कारण फ्रिजचे हँडल चिमटा काढते ही सौ.ची कित्येक वर्षांची तक्रार होती, आणि ‘चपला घालून उघडत जा’ हे आमचे कित्येक वर्षांचे उत्तर.

दादा उठला. होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन मोकळ्या तारा, असा त्याचा जुना टेस्ट लॅम्प त्याने काढला. आमच्या भिंतीवरच्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांत तारा घातल्या, बल्ब लख्ख पेटला. मग फेज आणि वरचे मोठे भोक, म्हणजे अर्थ. अंधार. त्याने पुन्हा घातल्या. अंधारच.

कारण सरळ होते. बाबांनी खणलेला अर्थिंगचा खड्डा, कोळसा आणि मीठ घालून, आत लोखंडी नळी उभी करून, मागच्या अंगणात होता. वाटणीत ते अंगण दादाकडे गेले. आमच्यासाठी नवा मीटर आला तेव्हा वायरमनने जुन्या बोर्डाच्या तारा कापल्या, दोन नव्या आणल्या आणि तिसरी आणली नाही. दिवे लागले, पंखा फिरला, टीव्ही दिसला. तिसऱ्या तारेची आठवण कुणाला होणार? अँप्लिफायरचा लोखंडी सांगाडा आणि त्याला जोडलेल्या गिटारच्या तारा, ज्यांनी जमिनीशी बांधलेले असायला हवे, ते इतकी वर्षे रिकाम्या भोकाशी बांधलेल्या घरात आले होते. ट्रान्सफॉर्मरमधून झिरपणारी थोडीशी वीज वाट शोधत होती. तिला त्या पोरीची ओली पावले सापडली. उद्या आत खरोखर एखादी तार सुटली असती तर काय झाले असते, ते दादाने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

“तुझ्या खड्ड्याला एक तार जोडून घेऊ का?” आम्ही विचारले. विचारायला फार कष्ट पडले, हे कबूल करतो.

“नको. तुझा तू खण,” दादा म्हणाला.

शब्द लागला. चेहऱ्यावर दिसलाही असावा, कारण क्षणभराने तो म्हणाला, “अरे, मीटर दोन आहेत. एकाच खड्ड्यावर दोन घरे टांगली, तर तुझ्याकडचा बिघाड माझ्या फ्रिजवर चढेल आणि माझा तुझ्या गिटारवर.” विजेच्या दृष्टीने हे खरेच होते. दुसऱ्या कोणत्या दृष्टीने तो बोलला का, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

शनिवारी सकाळी तो स्वतःच कुदळ घेऊन आला. वय सत्तरीपलीकडचे, म्हणून खणायला गडी लावला, पण कोळशाचा थर, मिठाचा थर, नळीचा ओळंबा, सगळे त्याच्या देखरेखीखाली. नवी तार बोर्डापर्यंत आणून दुपारी टेस्ट लॅम्प लावला. पेटला. अँप्लिफायर सुरू केला आणि घूं जवळजवळ नाहीशी झाली. सौ.नी जाऊन अनवाणी पायांनी फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

टिणऽऽ मात्र होतीच. दादाने आवाज अर्ध्यावर ठेवून लाकडी पेन्सिलीने एकेका नळीवर हलकेच टिचकी मारली. दोघींनी नुसती टक् केली, पहिली घंटेसारखी वाजली. अशा नळीचे आतले भाग सैल असतात; ती मायक्रोफोनसारखी धक्केच ऐकू लागते. आम्ही ती लगेच उपटायला गेलो तर त्याने हात धरला. “बंद कर. निवू दे. आणि पेटी उघडायची नाही, प्लग काढल्यावरही आत तीनशे व्होल्ट मुक्काम करून असतात.”

निवेपर्यंत चहा झाला. तो घरी जाऊन पत्र्याचा एक डबा घेऊन आला. त्यात कापसात गुंडाळलेल्या जुन्या नळ्या, दुकान बंद केले तेव्हापासूनच्या. अमेरिकन लोक जिला १२एएक्स७ म्हणतात, तिचे युरोपातले नाव ईसीसी८३, आणि ती आपल्याकडे बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही होत असे. तशी एक त्याने उजेडात धरून पाहिली, तिचे पाय पॉलिश कागदाने पुसले (आमच्या खाऱ्या वाऱ्यात पितळ काय नि लोखंड काय, सारे हिरवे-तांबडे होते) आणि बसवली. टिचकी मारली. टक्.

“वाजव,” तो म्हणाला. काय वाजवावे सुचेना. सवयीने ‘ए’ वाजवला आणि शोकेसमधले सहा पेले झर्र करून उठले. दादा दचकून म्हणाला, “हे काय आता?” सौ. हसत सुटल्या.

विहिरीचा प्रश्न तसाच आहे. मात्र अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू द्यायचा नसतो. माती सुकली की तो विजेला नीट वाट देत नाही. बाबा हे काम आम्हा दोघांना पाळीपाळीने देत. यंदा मार्च संपला तसे आम्ही रोज संध्याकाळी नळीत बादलीभर पाणी ओतू लागलो. साधारण त्याच वेळी भिंतीपलीकडेही बादलीची कडी वाजते.