पाण्याला वाट

जुन्या गाडीत पावसाचं पाणी येणारच, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. रबर कडक होतं, पत्रा कुजतो. गळेल तिथे सिलिकॉन भरावं आणि फारच झालं तर गाडी विकून मोकळं व्हावं. आमच्या मारुती ८००कडे मी याच नजरेनं पाहत होतो. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते का बदललं, हे मोकळेपणानं सांगावंसं वाटतं.

आम्ही वाराणसीतले मराठी. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत गाडी शिरतच नाही, त्यामुळे आमची मारुती मैदागिनच्या बाजूला एका कडुलिंबाखाली उभी असते. जूनअखेर पाऊस लागला की मागच्या सीटपुढचं मॅटिंग भिजायचं, काचा आतून धुरकट व्हायच्या, कुबट वास सुटायचा. पुढच्या काचेभोवती आणि दारांच्या कडांना मी सिलिकॉनचे थर चढवले होते. ओल हटली नाही.

शेवटी सीट, मॅटिंग आणि त्याखालचा नमदा असं सगळं काढून पत्रा कोरडा केला. पुतण्या टॉर्च घेऊन आत बसला, मी बाहेरून पाइपानं बारीक धार सोडत गेलो. धार खालून वर न्यायची, एका वेळी एकच भाग भिजवायचा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. आतल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली होती. पाण्याचा ओघळ पावडरीत स्पष्ट रेघ ओढतो. मागे साचणारं पाणी मागून येतच नव्हतं. ते पुढे शिरायचं, नमद्याखालून सरकायचं आणि उतारावर थांबायचं.

बॉनेटमागची, वायपरखालची जाळी काढली, तेव्हा माझं मत पहिल्यांदा हललं. निंबाचा पाला कुजून तिथे काळा चिखल झाला होता आणि पाणी खाली सोडणारं तोंड त्यात बुजलं होतं. तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेनं आत उतरत होतं. मग दारं उघडली. दारात पाणी जाणं हा दोष नसतोच. काचेलगतच्या पट्टीतून ते थोडंफार आत उतरणार, तळाच्या भोकांतून बाहेर पडणार आणि ट्रिममागचा प्लास्टिकचा कागद केबिन कोरडी ठेवणार, हा बनवणाऱ्यांचा हिशोब आहे. आमच्या गाडीची ती भोकं गंज रोखायला मारलेल्या काळ्या कोटिंगखाली गाडली गेली होती. तारेनं एक मोकळं केलं आणि गढूळ पाण्याची धार पायावर आली. कागदही एका कोपऱ्यात सुटला होता.

गळती म्हणजे पाण्याला अडवण्यात आलेलं अपयश, असं मी धरून चाललो होतो. आता मी म्हणतो, गळती म्हणजे बहुधा पाण्याची बुजलेली वाट. याच शहरात १८२०च्या दशकात टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपनं दाट वस्तीतलं साचलेलं पाणी काढायला भुयारी नाला बांधवला. पुढे ब्राह्मी लिपी उलगडणारा म्हणून तो ओळखला गेला. मला मात्र त्याचं हे काम तितकंच मोठं वाटतं.

काही ठिकाणी अडवावं लागतंच. पुढच्या काचेचं रबर खरोखर कडक झालं होतं. ते मिस्त्रीकडून नवं बसवून घेतलं. मारुती ८०० बनणं २०१४ साली थांबलं असलं, तरी रबर मिळालं. आंबूस वासाचं सिलिकॉन मात्र मी आता उघड्या पत्र्याला लावू देत नाही. त्यानं पत्रा गंजतो, आणि वरून बंद केलेल्या सांध्यात आलेलं पाणी आतच कोंडतं. नमदाही बाहेर उन्हात वाळवल्याशिवाय परत घालत नाही. वरून कोरडा दिसला तरी तो पोटात पाणी धरून ठेवतो आणि तळाचा पत्रा आतून खातो.

गाडी विकायचा विचार मी सोडला आहे. वय झालं म्हणून मोडीत काढण्याआधी तिची भोकं, नळ्या, जाळ्या ज्येष्ठातच साफ करून पाहाव्यात, असं जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाला मी आग्रहानं सांगतो. सिलिकॉनची नळी त्यानंतर हातात घ्यावी, आणि तीही पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी पाहिल्यावरच.