उलट्या पानांचा डाव

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. एका रविवारी वाचनाची पाळी आमच्यावर आली. विषय होता गृहस्थांचा विनय. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुणाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, संपत्ती जाते, सभेत शब्दाला वजन राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही. हे सहाही तोटे आम्ही खणखणीत आवाजात वाचले.

परतताना भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही कधी तीन पत्ती खेळलाय का? न खेळताच तोटे सांगता!”

आम्ही गप्प राहिलो. कारण दोनच दिवसांपूर्वी आक्का आमच्याकडे रडून गेली होती. पोराचा पगार घरी पुरता येत नव्हता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा तिला हायसे वाटले होते. पण फोनवरचा डाव सुटला आणि पोरे कामावरून सुटल्यावर खरे पत्ते घेऊन बसू लागली. आम्हाला हे कळले आहे, याचा भाच्याला पत्ता नव्हता. उपदेश केला असता तर तो उठून गेला असता. म्हणून आम्ही म्हणालो, “नाही खेळलो. आज शिकव.”

पैसे लावायचे नाहीत, ही आमची अट. पत्नीने साठ चिंचोके मोजून दिले. दोघांना तीस-तीस. भाच्याने नेहमीची तीन पत्ती न मांडता तिचा ‘मुफलिस’ हा प्रकार काढला. मुफलिस म्हणजे कंगाल. नेहमीच्या खेळात तीन एक्के सर्वांत वर. खाली ओळीने येणारी पाने, एकाच चिन्हाची पाने, मग जोडी, अशी उतरंड. मुफलिसमध्ये ती उलटी होते. ज्याची पाने सर्वांत हलकी, तो जिंकला. दुर्री, तिर्री आणि पंजी वेगवेगळ्या चिन्हांची आली की त्याच्यावर कोणी नाही. पाने न बघता खेळलात तर ‘ब्लाइंड’. बघून खेळलात तर ब्लाइंडवाल्याच्या दुप्पट लावायचे. जमत नसेल तर ‘पॅक’ म्हणून पाने टाकायची.

पहिल्याच डावात आम्हाला दोन राजे आले. आम्ही हरखून मूठभर चिंचोके पुढे सरकवले आणि हरलो. भाचा पोट धरून हसला.

आम्ही पडलो बी. कॉम. कागद घेऊन हिशेब मांडला. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांतल्या १६,४४० हातांत ना जोडी, ना ओळ, ना एक चिन्ह. म्हणजे शंभरातले चौऱ्याहत्तर हात रिकामे. भाचा म्हणाला, “म्हणून तर हा आपला खेळ, मामा! इथं दुर्री एक्क्याला हरवते.”

वाक्य आम्हाला फार आवडले. पिढ्यान्‌पिढ्या उतरंडीच्या तळाशी ठेवलेल्या माणसाला ते आवडणारच. आम्ही जोमाने खेळू लागलो. पत्नीने जेवायला दोनदा हाक मारली, तरी उठवेना. एका डावात हातात दोन एक्के, म्हणजे मुफलिसमध्ये रद्दी. पण आम्ही दुर्री-तिर्री-पंजी आल्यासारखा चेहरा केला आणि भाच्याने पाने टाकली. खोटे न बोलण्याचे शील घेतलेले आम्ही. तोंडाने नव्हे, पण चेहऱ्याने खोटे बोललो होतो. आणि त्याची आम्हाला मजा वाटली होती!

साडेदहाला चिंचोके मोजले. आमच्याकडे सत्तेचाळीस, त्याच्याकडे तेरा. बेरीज साठच. वरचे पान खाली गेले, खालचे वर आले, पण एकही चिंचोका वाढला नव्हता. आमचे सतरा त्याचेच होते. भाचा आमच्या ढिगाकडे ज्या नजरेने पाहत होता, ती भाच्याची नजर नव्हती. पहिल्या तोट्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला. तो तोटा हरणाऱ्याचा नाही, जिंकणाऱ्याचा आहे. इतकी वर्षे आम्ही तो नुसता वाचत होतो.

आम्ही म्हणालो, “बाबासाहेबांनी उतरंड उलटी करायला सांगितली नाही रे, मोडायला सांगितली. दुर्रीनं एक्क्याला लुटलं, तरी लूट ती लूटच.” तो काही बोलला नाही. मग आम्ही हळूच विचारले, “हे चिंचोके रुपये असते तर?”

बराच वेळ तो पाने पिसत राहिला. शेवटी खाली बघून म्हणाला, “चौदा हजार आहेत, मामा.”

आम्ही रागावलो नाही. पैसे देऊन मोकळेही झालो नाही. त्याच कागदाच्या मागे महिना दोन हजारांप्रमाणे सात हप्ते लिहिले. “तूच शिकवलंस ना, पॅक केलं की लावलेलं तेवढंच जातं. आता पॅक कर,” एवढेच म्हणालो. आक्काला त्याने स्वतः सांगितले. आतापर्यंत चार हप्ते गेले. मध्ये एक महिना चुकला. का चुकला, ते आम्ही विचारले. त्याने खरे सांगितले. ते ऐकायला कठीण होते, पण खरे होते.

विहारात पुन्हा हे प्रकरण येईल, तेव्हा वाचन भाच्याने करावे असे आम्ही सुचवले आहे. तो अजून हो म्हणालेला नाही. चिंचोके मात्र पत्नीने परत डब्यात टाकले आहेत.