मणक्यातला गॅप

‘कंबरदुखीवर लिहा, पण एमआरआयची भाषा नको,’ असं संपादकांनी फोनवर बजावलंय. प्रयत्न करतो.

मेहकर तालुक्यातली एक बाई पोळ्यानंतर आली. चाळिशीची असेल. पिशवीत तीन ‘फोटो’. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एक्स-रे काय, एमआरआय काय, सगळे फोटोच. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून शहरापर्यंत फिरून झालं होतं. ‘कोनी पाठीले हात नाई लावला जी,’ ही पहिली तक्रार. मी लावला. पाय सरळ उचलून पाहिले, अंगठ्यातली ताकद पाहिली, लघवीचं, बधिरपणाचं, ताप-वजनाचं विचारलं. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे. सगळं ठीक. ‘घाबरू नका, काही नाही,’ म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. ‘मंग घरी काय सांगू? सायब म्हने गॅप हाय.’

या ‘गॅप’नं माझं डोकं उठवलंय. दोन मणक्यांमध्ये चकती असते. कडेला चिवट, आत लिबलिबीत. वयानुसार तिचं पाणी कमी होतं, उंची घटते, म्हणजे मणक्यांतली फट कमी होते. आणि लोक म्हणतात गॅप पडला! बरं, चकती फुगलेली दिसली म्हणून दुखणं तिथलंच, असंही नाही. 1994 मध्ये अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले. 52 टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता. सगळ्या चकत्या धड असलेले फक्त 36 टक्के. नस दाबली जाते तेव्हा फुगवट्याला अर्थ असतो, पण तेव्हा कळ पायात उतरते, आणि कुठल्या पातळीवरची नस ते बोटावरून... असो, कबूल केलं होतं.

लोकांना वाटतं, महागडा फोटो म्हणजे पक्कं निदान. पूर्वी उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेत. निदान ती फुकट होती.

औषधांबद्दलही सांगायला लाज वाटते. 2014 चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास: ताज्या कंबरदुखीत पॅरासिटामॉल घेणारे साधारण 17 दिवसांत बरे झाले, खोटी गोळी घेणारे 16. तरी मी लिहितो. सुईही देतो, न देणाऱ्याकडे पेशंट फिरकत नाही. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये पट्टा आणि ट्रॅक्शन नको म्हटलं. शिवाय पुस्तकं सांगतात, झोपून राहू नका, हिंडतं-फिरतं राहा.

हे तिला कसं सांगू? ती सकाळपासून ओणवी असते. आज निंदण, पुढं सोयाबीनची सोंगणी, मग कापूस. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तशी पुढं ओढते, आणि मजुरी किलोवर. झोपून राहायची चैन तिला कधी मिळाली? तिला फोटो हवा होता तो निदानासाठी नव्हे. दुखणं दिसत नाही, त्यामुळे सासूला पटत नाही. पट्टा साडीवरून दिसतो. फोटो दाखवता येतो. माझ्या ‘काही नाही’नं मी तिची साक्षच खोटी ठरवली होती. 27 वर्षं मी हेच वाक्य धीर म्हणून देत आलो.

लेटरहेड काढलं, लिहिलं: दीड महिना वाकून काम, ओझं बंद.

तिनं कागद उलटसुलट पाहिला. ‘यात गॅप लिवा ना जी.’

लिहिलं. खाली शिक्काही मारला.