आदी ऐक

पहाटे पावणेसहाला वॉचमनचा फोन आला. "काका, स्विमिंग पूलचा पंप चालू होईना."

"आवाज करतोय का?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. "चालूच होत नाही तर आवाज कसा करंल, काका?"

चालू न होण्याचे तीन प्रकार असतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला आबांनी सांगितलं होतं, वयाच्या दहाव्या वर्षी, विहिरीच्या काठावर.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, पाऊस ज्या बाजूला यायचं विसरतो तिकडे. १९७२ च्या दुष्काळात आबांनी विहीर दोन परस खोल केली आणि दोन वर्षांनी तिच्यावर पाच एचपीची मोटर बसली. पंप किर्लोस्करवाडीचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर वसवलेली ती वाडी आमच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे आबा पंपाबद्दल 'आपल्या वाडीचा' असं घरच्या जावयाबद्दल बोलावं तसं बोलत.

तो जावई रोज कुरकुर करी. आबा लगेच पान्ह्याला हात घालत नसत. बटण दाबायचे आणि मान तिरकी करून उभे राहायचे. मी काही विचारायला गेलो की म्हणायचे, "आदी ऐक. मग हात घाल."

काहीच आवाज आला नाही, तर मोटरीकडे बघायचंसुद्धा नाही. वीजच पोचलेली नाही. डीपीवरचा फ्यूज गेलाय, नाहीतर स्टार्टरच्या पेटीत मुंग्यांनी घर केलंय. मुंग्यांना त्या काँटॅक्टच्या फटीत काय गोड लागतं कोण जाणे, पण चिरडलेल्या मुंग्यांच्या थरावरून वीज पुढे जात नाही. पॉलिश पेपरनं घासलं की काम भागायचं.

गूंऽऽ असा आवाज आला, की मात्र आबा झडप घालून लाल बटण दाबत. वीज आहे, मोटर फिरायला बघतेय, पण फिरता येत नाही. एक फेज गेली असेल तर असं होतं. दोन फेजवर कोपीतला दिवा लागतो, म्हणून माणूस फसतो. एकदा ओव्हरलोड सारखा पडतोय म्हणून वैतागून धाकट्या चुलत्यांनी हिरव्या बटणाला लाकडाची पाचर मारली आणि जेवायला गेले. परत आले तेव्हा जळक्या वार्निशचा वास बांधापर्यंत आला होता. मोटर एसटीच्या टपावर घालून तालुक्याला वाइंडिंगला नेली. आठ दिवस लागले. तेवढ्यात वांग्यांनी माना टाकल्या. चुलत्यांना कुणी एक शब्द बोललं नाही, आणि त्यांना तेच जास्त लागलं असावं.

तिसरा प्रकार माझ्या आवडीचा. मोटर सुसाट फिरते, पाइपातून मात्र थेंब नाही. पंपानं हवा धरली. मग नरसाळं लावून घागरीनं पंपात पाणी भरायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. पाणी भरतंय आणि खाली जातंय, असं झालं तर फूटव्हॉल्व्ह धरत नाही, आणि मग माझा नंबर. त्याच विहिरीत पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून मी पोहायला शिकलो होतो. आबा चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसून बंडीच्या खिशात घालत, वर हात ठेवत आणि म्हणत, "जा." पाइप धरून खाली जायचं, जाळीत अडकलेलं लिंबाचं डहाळं हातानं ओढून काढायचं आणि वर यायचं. वर आल्यावर पहिली दिसायची ती आबांची खिशावरची मूठ.

मे महिन्यात पाणी खाली जाई तसा पंपही साखळीनं आतल्या टप्प्यावर उतरवावा लागे. "बावीस-तेवीस फुटांखाली पंप रडतो," आबा म्हणत. पुढे सांगलीला कॉलेजात सरांनी टॉरिचेल्ली शिकवला: पंप पाणी ओढत नाही, तो आतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. तिचा जोर कागदावर दहा मीटरपर्यंत पुरतो, व्यवहारात सातेक. मी सुट्टीत आबांना हे मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजी तेवीस फूटच की," म्हणाले.

नंतरच्या पुण्यातल्या नोकरीच्या वर्षांत पंपाशी संबंध आला तो टाकीत पाणी चढलं की नाही, एवढ्यापुरता. रिटायर झालो, सोसायटीच्या कमिटीत गेलो आणि पूल माझ्या गळ्यात पडला. बारा मीटर लांब, सहा रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल: नव्वद हजार लिटर. तेच पाणी पंप दिवसभर गाळणीतून फिरवत राहतो. ते कुठे जात नाही, कशाला लागत नाही. सुरुवातीला मला याचा जरा राग यायचा.

तर त्या पहाटे खाली गेलो. खटका वर केला. गूंऽऽ. लगेच खाली केला आणि वॉचमनला पॅनलसमोर उभं केलं, "इथून हलायचं नाही." मोटरीच्या मागचं झाकण काढून पंखा बोटानं फिरवला, अलगद फिरला. म्हणजे जाम नाही. ही सिंगल फेजची मोटर, तिला सुरुवातीचा धक्का देतो तो कपॅसिटर. तो पोट फुगून बसला होता. इलेक्ट्रिशियननं नऊ वाजता येऊन आधी त्यातला साठलेला करंट उतरवला आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा जोडला. मोटर फिरली, पाणी नाही. तो माझ्याकडे बघायला लागला.

मला मनातून बरं वाटलं. पंपापुढच्या गाळणीच्या डब्याचं झाकण उघडलं. रबरी रिंगवर वाळूचा कण होता, तेवढ्यातून हवा शिरत होती. रिंग पुसली, सिलिकॉनचं ग्रीस लावलं (व्हॅसलीन नाही, त्यानं रबर फुगतं), बादलीनं डबा काठोकाठ भरला, झाकण आवळलं. पारदर्शक झाकणाखाली पाणी खदखदलं आणि मग काचेसारखं स्थिर झालं. विहिरीवर हे कधी दिसत नसे. तिथं सगळं कानावर.

गावाकडे आता धाकटा भाऊ बघतो. विहीर आटली, सहाशे फुटांचं बोअर आहे, आत सबमर्सिबल. स्टार्टरमध्ये सिमकार्ड. तो लग्नाच्या पंगतीतून मोटरीला फोन लावतो आणि मोटर बाईच्या आवाजात काय बिघडलंय ते सांगते. ऐकण्याचं कामच उरलं नाही, असं मी त्याला चेष्टेनं म्हणालो होतो.

पूलचा पंप सुरू झाला त्याच दुपारी त्याचा फोन आला. "दादा, मोटर दोन मिनिटं चालती आन् बंद पडती."

"बाई काय म्हणते?"

"बाई म्हणती, पाणी नाही."

मी पूलच्या कठड्यावर बसलो होतो. पोरं उड्या मारत होती, पंप मागे एका लयीत चालला होता. "फेज बघितलीस?" मी उगाच विचारलं.

"तिन्ही हायती," तो म्हणाला.