केसपेपरातली मोकळी जागा

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस चालवतो म्हटलं की लोकांना उलटतपासणीची जुगलबंदी आठवते. माझा बराचसा वेळ मात्र डॉक्टरांचं अक्षर लावण्यात जातो. चंद्रपुरातलं आमचं ऑफिस म्हणजे दोन वकील आणि एक मुन्शी. घर चालतं जमिनीच्या वादांवर आणि चेक बाउन्सवर. मी बी.एस्सी. करून वकिलीत आलो, म्हणून दवाखान्याच्या फायली माझ्या टेबलावर येतात.

पक्षकार सांगतो, "डॉक्टरनं मारलं जी." मी आधी कागद मागतो. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. नर्सच्या नोंदी, बीपीचा तक्ता, संमतीपत्र, रेफर चिठ्ठी, सगळं हवं. मागितल्यापासून 72 तासांत हे कागद द्यावेत, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे विनियम सांगतात. ते हाती आले की कोऱ्या कागदावर फक्त वेळा एकाखाली एक मांडतो.

गडचिरोलीकडच्या एका बाळंतिणीचा नवरा मोठ्या रुग्णालयावर संतापला होता. तिथे पोचल्यावर तासाभरात ती गेली. वेळा मांडल्यावर वेगळंच दिसलं. बाळंतपण झालं होतं एका खासगी दवाखान्यात. रात्री 11.15 ला नर्सची नोंद : 'रक्तस्राव जास्त, डॉक्टरांना फोनवर कळवले.' पुढची नोंद 1.30 ची : 'रेफर.' मधे ना बीपी, ना सलाइन, ना सही. केस त्या मोकळ्या जागेत होती.

आमच्याकडे शेवटच्या दवाखान्याच्या माथी सगळं येतं, कारण मरण तिथे दिसतं. शिवाय अंतर आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. हा उशीर डॉक्टरच्या खात्यावर टाकता येत नाही. रुग्ण घ्यायचा की नाही, उपचार कोणता आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये जोशी विरुद्ध गोडबोले खटल्यात सांगितलं. माझा वेळांचा कागद त्याच टप्प्यांवर तपासला जातो.

हीच मोकळी जागा सरकारी केसपेपरात असती, तर वाट बदलली असती. 1995 च्या शांता निकालानुसार जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, तिथला रुग्ण कायद्याने ग्राहक ठरत नाही. धानोरा-कोरचीचा आदिवासी सहसा तिथेच जातो. त्याला ग्राहक आयोगाचं दार बंद. उरतं दिवाणी न्यायालय. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. राज्य सरकार जबाबदार आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1996 मध्ये आला. वकीलपत्रावर सही घेण्याआधी ही दोन सालं मी पक्षकाराला सांगतो.

तज्ज्ञाचं मत मी नागपूरहून मागवतो. इथले डॉक्टर एकमेकांना ओळखतात. विरोधात लिहून देणं त्यांनाही जड जातं.

त्या नवऱ्याला मी मोठ्या रुग्णालयाचं नाव नोटिशीतून काढायला सांगितलं. "म्हणजे ते सुटले?" त्याने विचारलं. त्यांच्या नोंदी त्याला वाचून दाखवल्या : पोचताच रक्त मागवलं, पाच मिनिटांत भूलतज्ज्ञ आले. त्याने दोनदा ऐकलं आणि नाव खोडायला होकार दिला. नोटीस एकाच दवाखान्याला गेली.